बंद सभागृहं आणि १९१४ चं महायुद्ध

मंडळी, व्हिएन्ना शहराचा जुना तट पाडून त्या जागी एक रुंद वळसेदार रस्ता केलेला आहे, रिंगस्ट्रासे त्याचं नाव. त्या रस्त्यावर ऑस्ट्रियाच्या संसदेची इमारत उभी आहे. ग्रीक देवळासारखे खांब, समोर अथीना देवीचा भला मोठा पुतळा. १६ मार्च १९१४ रोजी ऑस्ट्रियाचे पंतप्रधान काउंट कार्ल श्ट्युर्क यांनी या संसदेचं कामकाज बेमुदत तहकूब केलं. कनिष्ठ सभागृहाचे ५१६ सभासद आपापल्या गावी गेले. साडेतीन महिन्यांनी साराजेव्होला खून झाला, त्यानंतर महिन्याभरात युद्ध जाहीर झालं, आणि या सगळ्या काळात तिथे एकही बैठक झाली नाही. युद्ध सुरू झाल्यावर इमारतीत जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं. युद्ध करावं की नाही याची चर्चा जिथे व्हायला हवी होती, तिथे खाटा लागल्या.

आज मला या बंद दारांविषयी बोलायचं आहे.

पहिल्या महायुद्धाची कारणं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहेत. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करार आणि तात्कालिक कारण म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा खून. यातलं एकही कारण चुकीचं नाही. पण ही यादी वाचताना मला नेहमी काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. लष्करवाद कुठल्या कागदावर सही करत नाही. सही माणूस करतो. तो माणूस कोण होता, त्याला तो अधिकार कुणी दिला होता, आणि त्याचा हात धरणारं कुणी का नव्हतं? माझं म्हणणं असं आहे की १९१४ च्या आधीची दहा-पंधरा वर्षं युरोपातली मोठी राज्यं आपल्याच माणसांचे प्रश्न आपल्याच सभागृहात सोडवू शकली नाहीत. घरातला तंटा घरात मिटेना, तेव्हा त्यावरचा उपाय त्यांनी घराबाहेर शोधला. हे सगळ्या देशांना सारखंच लागू पडतं असा माझा दावा नाही. पण ज्या देशाने पहिली युद्धघोषणा केली, त्या ऑस्ट्रिया-हंगेरीला ते पुरेपूर लागू पडतं. म्हणून आज बराच वेळ मी तिथेच थांबणार आहे.

हे राज्य समजून घ्यायचं तर १८६७ सालापासून सुरुवात करावी लागते. प्रशियाकडून मार खाल्ल्यावर सम्राट फ्रान्झ योझेफने हंगेरीच्या सरदारांशी तडजोड केली. एका साम्राज्याची दोन राज्यं झाली. दोन संसदा, दोन पंतप्रधान, दोन मंत्रिमंडळं. सामाईक राहिली तीन खाती: परराष्ट्र, युद्ध, आणि या दोघांचा खर्च भागवण्यापुरतं अर्थ. या वाटणीत व्हिएन्नाच्या जर्मन भाषकांचं आणि बुडापेस्टच्या मग्यार, म्हणजे हंगेरियन भाषक, उमरावांचं भागलं. बाकीच्यांचं काय? चेक, स्लोव्हाक, पोल, रुथेनियन, रुमानियन, स्लोव्हेन, क्रोएट, सर्ब, इटालियन. पाच कोटींच्या त्या राज्यात निम्म्याहून अधिक माणसं जर्मनही नव्हती आणि मग्यारही नव्हती.

हंगेरीत लोकसंख्येच्या जेमतेम सहा टक्के लोकांना मत होतं. सगळ्यांना मत दिलं तर मग्यार उमरावांची सत्ता जाणार हे उघड होतं, म्हणून ते द्यायचंच नाही, असा तिथला कारभार. इश्तवान टिसा हे त्या व्यवस्थेतले सगळ्यांत कणखर गृहस्थ. १९१२ साली ते सभापती असताना लष्कराचं विधेयक अडवून धरणाऱ्या विरोधी सभासदांना त्यांनी पोलिस बोलावून सभागृहाबाहेर काढलं. त्यानंतर तीनच दिवसांत एका सभासदाने भर सभागृहात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिसा वाचले आणि कामकाज पुढे चालू केलं. पुढच्या वर्षी ते पंतप्रधान झाले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

ऑस्ट्रियाच्या बाजूला गोष्ट वेगळी होती. तिथे १९०७ मध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. युरोपात त्या वेळी हे फार मोठं पाऊल होतं. पण सभागृह चालवायचं कसं, हा प्रश्न त्याच्याही आधीपासून पडलेला होता. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सरकारी नोकरांना चेक आणि जर्मन दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, असा हुकूम १८९७ मध्ये पंतप्रधान बाडेनींनी काढला. चेक माणूस बहुधा दोन्ही भाषा जाणायचा, जर्मन माणूस सहसा एकच. म्हणजे नोकऱ्या चेकांकडे जाणार. जर्मन सभासद खवळले. त्यांच्यातले ओटो लेखर सभागृहात सलग बारा तास बोलले. त्या भाषणात पाल्हाळ नव्हतं, अर्थकारणावरचं मुद्देसूद भाषण होतं, पण हेतू एवढाच की दुसरं काही काम होऊ नये. शेवटी सभागृहात पोलिस आणावे लागले, रस्त्यावर दंगली झाल्या आणि बाडेनी गेले.

पुढे हे नेहमीचंच झालं. सभासद आपापल्या भाषेत बोलत, दुभाषे नव्हते, कार्यवृत्तात फक्त जर्मन भाषणं नोंदली जात. तुम्ही तुमच्या मतदारसंघातल्या उपासमारीबद्दल जीव तोडून बोलता आहात आणि तुमचं बोलणं समजत नाही म्हणून ते लिहून घेणाराच कुणी नाही. हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणून बघा. मग माणूस बोलण्याऐवजी बाक बडवतो, शिट्ट्या वाजवतो, शाईच्या दौती फेकतो. व्हिएन्नात हे सगळं झालं.

१९१३ साली बोहेमियाच्या प्रागमधल्या प्रांतिक विधिमंडळात जर्मन सभासदांच्या अडवणुकीमुळे कारभार ठप्प होता. सम्राटाने जुलैत ते विसर्जित केलं आणि नेमलेल्या आयोगाकडे कारभार दिला. आमचं घर तुम्ही बंद केलंत, आता तुमचं आम्ही चालू देणार नाही, असं म्हणत चेक सभासदांनी व्हिएन्नात अडवणूक सुरू केली. मार्च १९१४ मध्ये श्ट्युर्कने व्हिएन्नाचं सभागृहही बंद केलं. ऑस्ट्रियाच्या घटनाकायद्यात चौदावं कलम होतं. संसद भरलेली नसेल तेव्हा सरकारला वटहुकूम काढता येतो, असं ते कलम. आणीबाणीसाठी ठेवलेलं हे कलम रोजच्या कारभाराचं साधन होऊन बसलं.

आता बोस्निया. खून तिथे झाला, म्हणून नकाशात आपण ते गाव शोधतो आणि पुढे जातो. पण जरा थांबा. १८७८ मध्ये बर्लिनच्या परिषदेने हा तुर्की प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात दिला. तो व्हिएन्नाच्या वाट्याला जावा की बुडापेस्टच्या, यावर एकमत होईना. मग तो कुणालाच न देता सामाईक अर्थमंत्र्याकडे सोपवला. एक अख्खा देश एका खात्याची जिंदगी म्हणून चालवला जात होता. १९०८ मध्ये तो रीतसर साम्राज्यात विलीन केला. १९१० मध्ये तिथे विधिमंडळही दिलं, पण व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या संमतीशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. १९१३ च्या मे महिन्यात लष्करी गव्हर्नर पोटिओरेक यांनी आणीबाणी जाहीर करून नागरी कायदे गुंडाळले, सर्ब संस्था बंद केल्या.

आणि गावात काय होतं? तुर्की काळापासून चालत आलेली कुळांची पद्धत. कमेत म्हणायचे त्या कुळाला. पिकाचा तिसरा हिस्सा जमीनदाराला, वर सरकारला दशमांश. ऑस्ट्रियन राजवटीने रस्ते बांधले, रेल्वे आणली, साराजेव्होत देखण्या इमारती उभ्या केल्या. जमीनदारांना दुखवायला नको म्हणून कुळांचा प्रश्न मात्र तसाच ठेवला. तीस वर्षांनंतरही दहातली जवळपास नऊ माणसं निरक्षर होती. आर्चड्यूकवर गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप अशाच एका कमेत कुटुंबातला मुलगा. गावात जोडधंदा म्हणून बाप टपाल वाटायचा. २८ जून १९१४ रोजी मुलगा एकोणीस वर्षांचा होता. वीस पूर्ण नसल्यामुळे कायद्याने त्याला फाशी देता आली नाही. तो १९१८ मध्ये तेरेझिनच्या तुरुंगात क्षयाने मेला.

त्याच्या कृत्याचं समर्थन मी करत नाही. त्याने एक निःशस्त्र बाई मारली. आर्चड्यूकची बायको सोफी, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पण पोलिसी नोंदींत ज्याला कट म्हटलं जातं तो कट रुजायला जमीन लागते, आणि ती जमीन व्हिएन्नाने तयार करून दिली होती, एवढं म्हटलंच पाहिजे.

सर्बियाचं काय? सर्बिया निष्पाप होता असं सांगणारे इतिहासही पुष्कळ आहेत, मला ते पटत नाहीत. १९०३ मध्ये तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी राजा-राणीला राजवाड्यात घुसून ठार केलं. त्याच मंडळींतला ड्रागुटिन दिमित्रिएविच, टोपणनाव आपिस, पुढे लष्करी हेरखात्याचा प्रमुख झाला. साराजेव्होच्या पोरांना पिस्तुलं आणि बाँब त्याच्याच माणसांकडून मिळाले. निवडून आलेलं सरकार या अधिकाऱ्यांना वचकून होतं. बाल्कन युद्धांत जिंकलेल्या मॅसिडोनियात मुलकी अधिकारी श्रेष्ठ की लष्करी, यावर १९१४ च्या उन्हाळ्यात दोघांची जुंपली, आणि त्या भांडणातून बेलग्रेडची संसद जून महिन्यात विसर्जित झाली. म्हणजे बघा, खून झाला त्या दिवशी प्रागचं सभागृह नव्हतं, व्हिएन्नाचं बंद होतं आणि बेलग्रेडचंही विसर्जित होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण त्यातून आतल्या राजकारणाचा बाहेरच्या राजकारणाशी सांधा दिसतो. सर्बियाची निर्यात बहुतेक सगळी ऑस्ट्रिया-हंगेरीत जायची, आणि त्यात मुख्य माल डुकरं. हंगेरीतल्या जमीनदारांना ही स्पर्धा नको होती. १९०६ मध्ये व्हिएन्नाने सीमा बंद केली. इतिहासात याला डुकरांचं युद्धच म्हणतात. हेतू असा की उपाशी राहून सर्बिया वठणीवर येईल. झालं उलट. सर्बियाने पॅरिसकडून कर्ज घेतलं, तोफा ऑस्ट्रियाच्या श्कोडाऐवजी फ्रान्सच्या श्नायडरकडून घेतल्या, मांस टिकवायचे कारखाने काढले आणि नव्या बाजारपेठा शोधल्या. जो शेजारी आपल्यावर अवलंबून होता, तो हंगेरीतल्या काहीशे घराण्यांच्या फायद्यासाठी फ्रान्सच्या आणि रशियाच्या पदरात टाकला. साम्राज्याचं हित काय, हे ठरवायला कुठलंही सभागृह धड असतं, तर निदान हा प्रश्न कुणीतरी विचारला असता.

फ्रान्झ फर्डिनांड वागायला कठोर, मनाने एकांगी माणूस होता. पण दोन गोष्टी त्याला कळत होत्या. मग्यारांची मक्तेदारी मोडल्याशिवाय राज्य टिकत नाही, आणि सर्बियाशी युद्ध केलं तर रशियाशी होईल. सरसेनापती कॉनराड १९१३ या एका वर्षात सर्बियावर हल्ला करा म्हणून पंचवीसेक वेळा मागणी करत होते. त्यांना अडवणारा सगळ्यांत वजनदार माणूस हाच होता. साराजेव्होत तो गेला.

७ जुलैला व्हिएन्नात सामाईक मंत्रिमंडळाची बैठक झाली. परराष्ट्रमंत्री बेर्शटोल्ड, युद्धमंत्री, अर्थमंत्री बिलिन्स्की, दोन्ही पंतप्रधान. लष्कराचे प्रमुख काही वेळ येऊन गेले. खोलीत मूठभर माणसं. युद्धाला विरोध करणारा एकच, टिसा. हा माणूस शांततावादी नव्हता हे आपण बघितलंच. त्याचं गणित सरळ होतं. युद्ध जिंकलं तर आणखी स्लाव्ह प्रजा राज्यात येईल आणि मग्यारांचं पारडं हलकं होईल. हरलं तर विचारायलाच नको. आठवड्याभराने तो राजी झाला, पण एक अट घालून. सर्बियाची जमीन आपण घ्यायची नाही.

या अटीपाशी जरा थांबू या. आपण युद्धाचं कारण म्हणून भूमीची हाव सांगतो. इथे पहिली युद्धघोषणा करणाऱ्या राज्याचा एक पंतप्रधान म्हणतो आहे, युद्ध करू पण जमीन नको, कारण त्या जमिनीवरची माणसं आपल्या वाटणीत बसत नाहीत. १८६७ ची ती वाटणी तशीच राहावी, तिला कुणी हात लावू नये, यासाठी हे युद्ध होतं. दक्षिण स्लाव्हांना साम्राज्यात तिसरा वाटा द्या, हा उपाय वर्षानुवर्षं टेबलावर होता. तो नको, म्हणून ज्या शेजाऱ्याकडे आपले स्लाव्ह आशेने बघतात त्या शेजाऱ्यालाच संपवा, असा निर्णय झाला.

पुढचा घटनाक्रम तुम्हाला माहीत आहे, भराभर सांगतो. २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता बेलग्रेडमधले ऑस्ट्रियाचे राजदूत गीझल यांनी निर्वाणीचा खलिता दिला, मुदत ४८ तासांची. पंतप्रधान पाशिच निवडणूक प्रचाराला गेलेले, म्हणून तो अर्थमंत्री पाचू यांच्या हातात पडला. २५ तारखेला उत्तर आलं. दहांतल्या बहुतेक मागण्या मान्य किंवा मान्य केल्यासारख्या. सर्बियाच्या भूमीवरच्या चौकशीत ऑस्ट्रियन अधिकारी बसतील, ही एक साफ नाकारलेली. अर्ध्या तासात गीझल आगगाडीत बसले. २८ जुलैला वयाच्या ८३ व्या वर्षी फ्रान्झ योझेफने बाड इश्लच्या आपल्या उन्हाळी बंगल्यात युद्धघोषणेवर सही केली.

त्याच दिवशीच्या तारखेचा एक जाहीरनामा आहे. भिंतींवर लावायला तो साम्राज्यातल्या अनेक भाषांमध्ये छापला गेला. त्याचं शीर्षक जर्मनमध्ये ‘आन माइने फ्योल्कर’. माझ्या जनतेस, असं त्याचं भाषांतर बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण मुळात तो शब्द अनेकवचनी आहे. माझ्या लोकसमूहांनो, असं काहीसं म्हणावं लागेल. मराठीत जनता शब्दाला अनेकवचन करायची वेळ आपल्यावर येत नाही, म्हणून भाषांतर करताना आपण अडखळतो. पण म्हाताऱ्या सम्राटाला ठाऊक होतं की आपली प्रजा एक नाही, अनेक आहे. कागदावर त्याने त्या सगळ्यांना हाक मारली. त्यांच्या प्रतिनिधींना मात्र बोलावलं नाही.

आता बर्लिन. ऑस्ट्रिया एकटी हे धाडस करणं शक्य नव्हतं. ५ जुलैला बेर्शटोल्डच्या कार्यालयातले काउंट होयोस बर्लिनला पोचले, ऑस्ट्रियाचे राजदूत जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मबरोबर पॉट्सडामला जेवले, आणि जर्मनी पाठीशी आहे असा शब्द मिळाला. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि कैसर नॉर्वेच्या सफरीवर गेला. जर्मन संसदेला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं, कारण तिथला चॅन्सेलर संसदेला नव्हे, कैसरला जबाबदार होता.

याचा अर्थ काय होतो ते आदल्या हिवाळ्यातच दिसलं होतं. आल्सेसमध्ये झाबेर्न नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका तरुण लेफ्टनंटने स्थानिकांना शिवी हासडली, लोक संतापले, तर लष्कराने मुलकी अधिकाऱ्यांना बाजूला सारून वाटेवरच्या माणसांना पकडून कोंडलं. संसदेत ४ डिसेंबर १९१३ रोजी चॅन्सेलरच्या वागण्याविरुद्ध २९३ मतं पडली, बाजूने ५४. आपल्याकडे असं झालं तर सरकार संध्याकाळपर्यंत राजीनामा देईल. बेथमान-होल्वेग जागचे हलले नाहीत. १९१२ च्या निवडणुकीत समाजवादी ३९७ पैकी ११० जागा घेऊन सगळ्यांत मोठा पक्ष झाले होते. प्रशियात मात्र अजूनही कराच्या रकमेप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग होते. मतं वाढत होती, सत्ता जिथल्या तिथे होती. जर्मनीच्या वरच्या वर्तुळात एक भीती कायमची वस्तीला होती: घरात समाजवादी वाढताहेत, बाहेर रशियाचं लष्कर १९१७ पर्यंत आटोक्याबाहेर जाणार, तेव्हा जे व्हायचं ते आत्ताच झालेलं बरं.

आणि राजकारण्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत सेनापती येऊन बसतात. जर्मनीच्या लष्कराकडे १९१४ मध्ये खरी एकच योजना उरली होती. युद्ध कुणाशीही होवो, आधी बेल्जियममधून फ्रान्सवर जायचं. फक्त रशियाविरुद्ध सैन्य लावायचा पर्यायी आराखडा दर वर्षी तयार व्हायचा, तो १९१३ मध्ये बंद केला. १ ऑगस्टला फ्रान्स बाहेर राहील अशी आशा वाटून कैसर सेनापती मोल्टकेंना म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टके म्हणाले, ते आता होणार नाही. कैसरने बेल्जियमसारख्या तटस्थ देशावर चाल करून जायचं, आणि त्यामुळे इंग्लंड युद्धात ओढलं जाणार, हा आगगाड्यांच्या वेळापत्रकाचा प्रश्न नव्हता, शंभर टक्के राजकीय प्रश्न होता. तो लष्करी कचेरीत सुटला, कारण दुसरीकडे कुठे तो विचारलाच गेला नव्हता.

रशियाबद्दल थोडक्यात. युद्ध आणि तह हा फक्त झारचा अधिकार, असं १९०६ च्या मूलभूत कायद्यांत लिहिलेलंच होतं, ड्यूमाचा, म्हणजे रशियाच्या संसदेचा, तिथे संबंध नव्हता. माजी गृहमंत्री दुर्नोवो यांनी फेब्रुवारी १९१४ मध्ये झारला एक टिपण दिलं: जर्मनीशी युद्ध झालं तर आपल्याकडे क्रांती होईल, आणि ती आपल्या उदारमतवाद्यांच्याही हाताबाहेर जाईल. हा माणूस कट्टर राजनिष्ठ. जुलैत फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे पीटर्सबर्गला पाहुणे होते, तेव्हा शहराच्या कामगार वस्त्यांत मोठे संप आणि अडथळे उभारलेले रस्ते. तरीही ३० जुलैला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी झारचं मन वळवलं आणि सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम निघाला. १९०९ मध्ये बोस्नियाच्या प्रश्नावर खाल्लेली माघार पुन्हा नको, नाहीतर देशात सिंहासनाची किंमत राहणार नाही, हा त्यातला मोठा धागा होता.

आता तुम्ही विचाराल, इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तर संसदा चालू होत्या. रास्त प्रश्न आहे आणि माझ्या मांडणीची इथे परीक्षा आहे. फ्रान्सच्या रशियाशी झालेल्या लष्करी कराराचा मजकूर फ्रेंच संसदेपुढे कधी ठेवला नव्हता. इंग्लंडमध्ये परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी १९०६ पासून फ्रेंच लष्कराशी बोलणी चालू दिली, ती पूर्ण मंत्रिमंडळालाही १९११ पर्यंत माहीत नव्हती. २४ जुलैला मंत्रिमंडळ आयर्लंडच्या सीमेवर, फर्मना आणि टायरोन या परगण्यांवर खल करून थकलं होतं, त्या बैठकीच्या शेवटी ग्रे यांनी सर्बियाला दिलेला खलिता वाचून दाखवला. ३ ऑगस्टला ते पार्लमेंटमध्ये बोलले, आणि उत्तम बोलले. युद्ध जाहीर करायचं का, यावर मतदान मात्र झालं नाही. ४ तारखेला रात्री बकिंगहॅम राजवाड्यात प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाची, बैठक भरली. हजर कोण? राजा पंचम जॉर्ज, एक मंत्री आणि दोन दरबारी अधिकारी. एवढ्या माणसांच्या बैठकीने ब्रिटिश साम्राज्य युद्धात उतरलं.

त्या साम्राज्यात आपण होतो. हिंदुस्थानला कुणी विचारलं नाही. व्हाइसरॉय हार्डिंज यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. लोकमान्य टिळक मंडालेची सहा वर्षं भोगून जूनच्या मध्याला पुण्यात परतले होते, त्यानंतर बाराव्या दिवशी साराजेव्होला गोळ्या झडल्या. ऑगस्टमध्ये टिळकांनी सरकारला मदत करावी असं जाहीरपणे लिहिलं, आणि १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढून त्या मदतीच्या बदल्यात हक्क मागितला. आमची माणसं घेता, मग आमचा शब्दही घ्या, अशी ती मागणी होती. प्रागच्या आणि साराजेव्होच्या माणसांची मागणी याहून फार वेगळी नव्हती.

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या एका गावातले ४६ जण या युद्धात गेले. सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या किनाऱ्यावर उतरली. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकली, घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली. त्यांत मराठा पलटणींचे जवान होते. पुढच्या पायपिटीत आणि कैदेत त्या तेरा हजारांतले हजारो मेले. टिसाची अट, श्ट्युर्कचा हुकूम, पॉट्सडामचं ते जेवण, यांची नावंही या माणसांच्या कानांवर कधी पडली नसतील. मी त्या गावात उभा राहिलो तेव्हा मला हे व्याख्यान द्यावंसं वाटलं, हे कबूल करतो.

माझ्या मांडणीवर याहून मोठा आक्षेप आहे तो असा: जेव्हा सभागृहांना विचारलं, तेव्हा त्यांनी होच म्हटलं. ४ ऑगस्टला जर्मन समाजवाद्यांनीही युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं. आदल्या दिवशीच्या पक्षबैठकीत ७८ विरुद्ध १४ असा निकाल होता. फ्रान्समध्ये ज्याँ जोरेस ३१ जुलैच्या रात्री पॅरिसच्या एका कॅफेत मारले गेले, आणि त्यांच्या पक्षानेही युद्धाला पाठिंबा दिला. हे खरं आहे आणि ते वाचताना आजही वाईट वाटतं. पण त्यांना काय विचारलं गेलं होतं ते पाहा. खलिता पाठवू का, असं कुणी विचारलं नाही. ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा देऊ का, बेल्जियममध्ये शिरू का, असंही नाही. विचारलं ते सैन्य निघाल्यावर: शत्रू दारात आहे, देश वाचवायचा की नाही? बेथमान-होल्वेग रशियाने आधी जमवाजमव जाहीर करावी म्हणून शेवटच्या दिवसांत थांबून राहिले होते. कामगारांना हे बचावाचं युद्ध वाटलं पाहिजे, हे त्यांना नेमकं कळत होतं. लोकांच्या संमतीवाचून युद्ध लढता येत नाही हे या सरकारांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती संमती निर्णयाच्या आधी मागितली गेली नाही.

शेवटी पुन्हा व्हिएन्नाला जाऊ. युद्धाची दोन वर्षं उलटली तरी श्ट्युर्क संसद बोलवायला तयार नव्हते. ती बोलवावी म्हणून ठरलेली सभाही सरकारने होऊ दिली नाही. २१ ऑक्टोबर १९१६ रोजी ते एका हॉटेलात दुपारचं जेवत असताना फ्रीड्रिख आडलर त्यांच्या टेबलापाशी गेला आणि त्याने त्यांना गोळ्या घातल्या. हा समाजवादी पक्षाचे नेते व्हिक्टर आडलर यांचा मुलगा, शिक्षणाने पदार्थवैज्ञानिक. महिन्याभराने म्हातारा सम्राट वारला. नवा सम्राट कार्ल याने संसद बोलावली आणि ३० मे १९१७ रोजी, तीन वर्षं अडीच महिन्यांनी, ती दारं उघडली.

पहिल्याच दिवशी चेक सभासदांनी एक निवेदन वाचलं आणि दक्षिण स्लाव्हांच्या वतीने स्लोव्हेन पुढारी अंतोन कोरोशेत्स यांनी दुसरं. साम्राज्यातले सगळे स्लोव्हेन, क्रोएट आणि सर्ब एकत्र करून त्यांचं स्वतंत्र, लोकशाही राज्य व्हावं, अशी मागणी त्यात होती. हे राज्य हॅब्सबर्ग घराण्याच्या राजदंडाखालीच असावं, असंही त्यात लिहिलेलं होतं. लाखो माणसं मेल्यानंतर, ३० मे १९१७ ला, ते अजूनही सम्राटाकडेच मागत होते.